छोटं बटण, मोठं बटण

३ मार्च, सोमवार

ठरलं. फ्लश मीच बदलणार!

प्लंबरला बोलावून झालं. आला, टाकीचं झाकण उचललं, आत डोकावला आणि लांबच्या नातेवाइकाची वाईट बातमी द्यावी तशा सुरात म्हणाला, ‘साहेब, हे मॉडेल गेलं आता. सगळं फोडून नवीन बसवू.’ सगळं म्हणजे कमोड, टाकी, मागच्या फरशा, आणि फरशांमागे जे काय सापडेल ते. मी म्हटलं, अहो, मला फक्त पाणी कमी जायला हवंय. तर म्हणे, ‘मग कमी वेळा जा.’ स्वतःच हसला. चहा पिऊन निघून गेला.

आमच्या फ्लशची टाकी म्हणजे पिंप आहे पिंप. दांडी दाबली की अख्खी रिकामी — काम छोटं असो की मोठं! वर तो आवाज. धरणाचे दरवाजे उघडल्यासारखा. मग भरताना बराच वेळ शिट्टी वाजत राहते. इकडे गच्चीवरची टाकी हल्ली दुपारीच कोरडी पडायला लागलीये. सेक्रेटरींनी जिन्यात पाटी लावली आहे — ‘पाणी जपून वापरा.’ खाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिलंय — ‘असलं तर.’

माझ्या चष्म्यांच्या दुकानाशेजारच्या हार्डवेअरवाल्याकडे दोन बटणांचा फ्लश बघितला. जुन्याच टाकीच्या आत बसतो म्हणे. छोटं बटण दाबलं की थोडं पाणी, मोठं दाबलं की जास्त. दांडीच्या जागी बटणं येतात, बाकी काही फोडायचं नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यावर एक माणूस हसत हसत ते बसवतोय. शर्ट इस्त्रीचा.

मी दिवसभर चष्म्यांच्या दांड्यांना तिळाएवढे स्क्रू लावतो. मला दोन बोल्ट जमणार नाहीत?

बायको म्हणाली, ‘जमेल की.’ ज्या सुरात म्हणाली तो सूर लिहिता येत नाही.

४ मार्च, मंगळवार

खोकं घेऊन आलो. जेवणाच्या टेबलावर सगळे भाग मांडले. घरातल्यांचे उद्गार पुढीलप्रमाणे.

बायको — ‘हे करायचं ते रविवारी कर, आणि रविवारीच संपव. घरात एकच संडास आहे आणि माणसं चार.’ एवढं बोलून झोपायला. तिची लॅबमधली पाळी पहाटेची, लोकांचं उपाशीपोटी रक्त काढायला तिला अंधारात निघावं लागतं. त्यामुळे जेवणं झाली की आमच्याकडे चमचा पडला तरी गुन्हा.

लेक — ‘बाबा, याचा व्हिडिओ काढू? तुम्ही भिजणार तो भाग?’ हिचं नाव आम्ही टिटवी पाडलंय ते उगाच नाही.

सासूबाई — माहितीपत्रक उचललं, चष्मा चढवला, उभ्याउभ्या पहिलं पान वाचलं, परत होतं तसं ठेवलं. ‘अक्षर फार बारीक आहे,’ म्हणाल्या आणि आत गेल्या.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या आमच्याकडे आहेत. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांचं घर आहे, ते कुलूप लावून आल्यात. भूगोल शिकवायच्या. रिटायर होऊन जमाना झाला, पण अजूनही कोणी सोफ्यावर पाय पसरले की त्या नुसत्या बघतात, आणि पाय आपोआप जमिनीवर येतात. माझे तरी येतात.

आमचं दोघांचं म्हणजे अतिशय सभ्य प्रकरण आहे. मी ‘आई’ म्हणतो, त्या ‘जावईबापू’ म्हणतात. मी हॉलमध्ये आलो की त्या उठतात. ‘बसा ना, आई.’ ‘नको, तुम्ही बसा.’ मग दोघंही उभे! मागे चष्मा बदलायचा होता तर चक्क दुकानात आल्या, बाकावर रांगेत बसल्या, नंबर आल्यावर पुढे झाल्या. मी म्हटलं, अहो घरी सांगायचं ना मला. तर म्हणे, ‘घरी तुम्ही दमून आलेले असता.’

भांडण नाही, तंटा नाही. पण भांडायला तरी थोडी ओळख लागते.

७ मार्च, शुक्रवार

पाना, पक्कड, स्पंज, रबरी हातमोजे — सगळं आणलं. हार्डवेअरवाला म्हणाला, ‘बोल्ट गंजलेले असणार बघा. करवतीचं पातं असू द्या जवळ.’ मी म्हटलं, आहे एक घरी.

एक! किती आत्मविश्वास!

९ मार्च, रविवार

मान अवघडलीये, तरी लिहितो.

सकाळी छान सुरुवात झाली. कॉक बंद केला. दांडी दाबून टाकी रिकामी केली, तळाचं पाणी स्पंजने टिपून बादलीत पिळलं. पाण्याची नळी सोडवली. इथपर्यंत मी खोक्यावरचा माणूस होतो. टिटवीने टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मग बोल्ट. टाकी कमोडच्या पाठीवर बसलेली असते, तिला खालून दोन बोल्टांनी आवळलेलं असतं. फरशीवर आडवा झालो, मान भिंतीत, एक पाय दाराबाहेर. डावा बोल्ट तेल पाजल्यावर कुरकुरत सुटला. उजवा? ढिम्म! तेल पाजलं, ठोकलं, विनवण्या केल्या, शिव्या घातल्या (हळू आवाजात — सासूबाई शेजारच्या खोलीत). शेवटी करवत. अर्धा बोल्ट कापून झाला आणि पातं मोडलं. तडाक्! रविवार, हार्डवेअरचं दुकान बंद.

आता अवस्था अशी — टाकी एका अर्ध्या कापलेल्या बोल्टावर डुलतेय. खाली कोणी बसलं आणि ती कलंडली तर चिनी मातीचा तो धोंडा थेट पाठीत. काढता येत नाही, घट्ट करता येत नाही. संडासाला दोरी बांधली आणि टिटवीने पाटी लावली — ‘आत जाल तर स्वतःच्या जबाबदारीवर.’

वरच्या मजल्यावरच्या काकू देवमाणूस. ‘आमचं दार उघडंच आहे, केव्हाही या,’ म्हणाल्या. बायको गेली, टिटवी गेली, मी गेलो. येताना काकू बिस्किटं देतात हातावर! टिटवी दोनदा उगीचच जाऊन आली.

सासूबाईंना म्हटलं, आई, जिना चढायला मी हात धरतो.

‘मला गरज नाही,’ म्हणाल्या.

बायको दोनदा म्हणाली, टिटवी म्हणाली. तेच उत्तर. ‘मला गरज नाही.’ मला वाटलं, काय ही शिस्त माणसाच्या शरीराची!

उद्या जेवणाच्या सुट्टीत पातं आणतो. संध्याकाळी दहा मिनिटांचं काम.

१० मार्च, सोमवार

नाही झालं काम. कामाचं नावच काढायला नको आज.

पातं घेऊन दुकानात परत आलो तेवढ्यात बायकोचा फोन. ‘आई पडली. ये.’ बास, एवढंच. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्म्याची फ्रेम तशीच ठेवून निघालो.

पडल्या नव्हत्या, बसल्या होत्या — स्वयंपाकघराच्या दारात, भिंतीला टेकून. बायको घरी आली तेव्हा तशा दिसल्या. ओठ पांढरे. ‘चक्कर आली जराशी, तुम्ही कशाला आलात दुकान सोडून,’ मला म्हणतायत!

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात सलाइन लावलं. बाईंनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. विचारलं, ‘आजी, पाणी किती पिता?’

सासूबाई छताकडे बघत होत्या.

‘काल किती प्यायलात?’

‘काल... घरात जरा काम चाललं होतं.’

म्हणजे काल सकाळपासून आज दुपारपर्यंत जवळजवळ काहीच नाही. परक्या घरात संडासाला जायला नको म्हणून! माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी ‘शरीराची शिस्त’ वगैरे लिहून ठेवलंय इथेच, वर.

पण बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. तपासणी केली, लघवीत जंतू निघाले. म्हणाल्या, ‘हे एका दिवसाचं नाही, आजी. पुष्कळ दिवस पाणी कमी पडतंय तुम्हाला. का?’

आणि सासूबाईंनी सांगितलं. वर्गात सांगतात तसं, स्वच्छ, एकेक वाक्य. ‘दुपारचा चहा झाला की मी पाणी घेत नाही. घेतलं तर रात्री उठावं लागतं. उठलं की फ्लश करावा लागतो. त्याचा आवाज फार मोठा आहे. हिला पहाटे उठून कामावर जायचं असतं. तिची झोप मोडते.’

बायको म्हणाली, ‘अगं, मग नाही करायचा फ्लश! सकाळी केला असता कोणीतरी!’

‘ते मला जमणार नाही,’ सासूबाई म्हणाल्या. मोठ्या ताठ्यात. सलाइन लावलेल्या अवस्थेत.

बायको बाहेर जाऊन जिन्यात रडली. माझी आई माझ्याच घरी तहानलेली राहिली, एवढंच म्हणत होती पुन्हा पुन्हा. मी नुसता शेजारी उभा. हातात करवतीचं पातं, कागदात गुंडाळलेलं.

घरी आल्यावर सासूबाई अंथरुणावर बसून म्हणाल्या, ‘बरी झाले की मी माझ्या घरी जाते. तिथे उठले-बसले तरी कोणाला त्रास नाही.’

 बायकोने पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला आणि तिथेच बसून राहिली, त्या पीत नाहीत तोवर.

मी दोन विटा आणि लाकडी फळी लावून टाकीला खालून टेकू दिला. डुलायची थांबली. बादलीने पाणी ओतून रात्र निभेल. हे काल सुचलं असतं तर? काल मी खोक्यावरचा माणूस होतो ना!

११ मार्च, मंगळवार

सुट्टी काढली. हा दिवस सविस्तर लिहितो.

नवीन पात्याने बोल्ट लोण्यासारखा कापला गेला. टाकी उचलून हॉलमध्ये जुन्या चादरीवर आणली. उताणी, तळाला भोक, आतून सगळीकडे पांढरे क्षार चढलेले. टिटवी शाळेत, बायको कामावर. घरात मी आणि सासूबाई.

मी पाना लावून जुना व्हॉल्व्ह सोडवत होतो. दारात खुर्ची सरकल्याचा आवाज. बघतो तर सासूबाई, शाल पांघरून, मांडीवर माहितीपत्रक.

‘झोपा ना, आई.’

‘झोपून कंटाळा आला. तुम्ही आकृती दोन वाचलीत?’

‘वाचली.’

‘मग ते उलटं का धरलंय?’

उलटंच होतं.

मग काय, तास सुरू झाला! त्या वाचणार, मी करणार. ‘मोठा नट फक्त हाताने आवळावा. हाताने म्हणजे हाताने, जावईबापू, पाना खाली ठेवा.’ ‘पाणी ओसंडायची नळी दांडीच्या भोकाच्या खाली हवी. मोजलं?’ ‘साधारण.’ ‘साधारण म्हणजे काय?’ मी पट्टी आणली.

मध्येच त्या थांबायच्या, पेला उचलायच्या, दोन घोट घ्यायच्या. मला दिसेल असा उचलायच्या, बहुतेक मुद्दामच. डॉक्टरीणबाईंचा हुकूम पाळला जातोय हे कळावं म्हणून. मी बघितलंच नाही असं दाखवायचो.

व्हॉल्व्ह बसला. दांडीच्या भोकात दोन बटणांची चकती बसली. टाकी उचलून कमोडवर ठेवली, नवे बोल्ट आवळले, नळी जोडली. घामाने चिंब, पण मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या! ऐटीत कॉक उघडला. टाकी भरली. मी मोठं बटण दाबलं.

पाणी कमोडमध्ये गेलंच नाही. टाकी आणि कमोडच्या मधून, चारी बाजूंनी, कारंज्यासारखं उसळलं. माझ्या तोंडावर, भिंतीवर, पार दारापर्यंत!

आणि मागून, हॉलच्या दारातल्या खुर्चीवरून, आवाज आला — ‘अरे बावळटा, वॉशर राहिला!’

जाड काळा रबरी वॉशर. टाकीच्या तळाशी लावायचा. खुर्चीखाली पडला होता, त्यांच्या पायाशी.

मी फरशीवर बसलेला, निथळतोय. त्यांनी तोंडावर हात ठेवलेला. डोळे मोठे झालेले. ‘माफ करा, जावईबापू, माझ्या तोंडून — ’

मला काय झालं कोण जाणे, हसूच फुटलं. थांबेचना. त्या आधी गोंधळल्या, मग त्यांचे खांदे हलायला लागले, मग शालीत तोंड खुपसून त्या हसायला लागल्या. मी त्यांना असं हसताना कधी बघितलंच नव्हतं. एका बाजूचा दात सोन्याचा आहे त्यांना. इतक्या वर्षांत माहीत नव्हतं मला!

मी म्हटलं, ‘आई, एक सांगू? माझी आई गेल्यापासून मला घरात अरे म्हणणारं कोणी उरलं नाही.’

 त्यांनी वाकून वॉशर उचलला, पदराने पुसला, माझ्या हातात दिला.

‘धर,’ म्हणाल्या. ‘आणि या वेळी नीट बसव.’

पुन्हा सगळं सोडवून पुन्हा बसवलं. टिटवी शाळेतून आली, बायको दारात चप्पल काढल्या काढल्या आत आली. चौघं संडासाच्या दारात दाटीवाटीने उभे. मान आईंचा. त्यांनी छोटं बटण दाबलं.

श्श... बास. कोणीतरी गुपित सांगायच्या आधी करतं ना, तेवढाच आवाज. पाणी गेलं आणि टाकी निमूटपणे भरून गप्प बसली. शिट्टी नाही, काही नाही.

‘झालं?’ टिटवी म्हणाली. ‘एवढंच?’ तिच्या व्हिडिओची पार निराशा.

बायको आईकडे बघत होती. आई बटणाकडे.

१२ मार्च, बुधवार

गळत नाही. चार वेळा बघितलं. टिटवीने दोन बटणांवर चिठ्ठ्या चिकटवल्यात — ‘चहा’ आणि ‘जेवण’. काढून टाकल्या. पुन्हा चिकटवल्या.

१३ मार्च, गुरुवार

छोट्या बटणाने कधी कधी पूर्ण साफ होत नाही. आईंनी लगेच प्रयोग मांडला. स्वयंपाकघरातला मोजायचा मग घेऊन टाकीत किती पाणी उरतं ते त्या बघतायत, आणि मी आतली छोटी फिरकी एकेक खाच वर नेतोय. ‘अजून एक. थांब. एक खाली.’ बायको दारातून म्हणाली, ‘दोघं काय करताय तासभर संडासात?’ आम्ही एकदम म्हणालो, ‘काम!’

बरोबर तिसऱ्या खाचेवर जमलं. आईंनी असं काही बघितलं की जणू त्यांनी नदीचा उगम शोधून काढलाय.

रात्री झोपताना त्यांच्या उशाशी तांब्या असतो आता. सकाळी रिकामा असतो. बायको उठल्या उठल्या आधी तो उचलून बघते. फक्त वजन बघते.

१६ मार्च, रविवार

कीर्ती वरच्या मजल्यावर पोचली! काकूंनाही तसाच फ्लश हवाय. ‘तुम्ही सासू-जावई मिळून करता म्हणे,’ म्हणाल्या. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई म्हणाल्या, ‘करू की. मात्र आधी बोल्ट बघू. आणि पाती दोन हवीत.’

माझा हात धरून जिना चढल्या. मध्ये एकदा थांबून श्वास घेतला. काकूंच्या संडासाच्या दारात खुर्ची टाकून बसल्या आणि मी आडवा झाल्यावर काकूंना समजावून सांगायला लागल्या, ‘आता तो काय करतोय, तर जुना व्हॉल्व्ह काढतोय. त्याला जरा घाई करायची सवय आहे. पण हात चांगला आहे त्याचा.’

खाली डोकं, वर पाय, नाकावर गंज. आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

या वेळी वॉशर राहिला नाही. मी मागून घेईपर्यंत त्यांच्या मुठीतच होता.

काकूंनी डबाभर बिस्किटं दिली. आईंनी स्वतःसाठी पाणी मागून घेतलं, आणि थोड्या वेळाने काकूंचंच नवीन बटण वापरून आल्या. ‘तपासायला नको का?’ म्हणाल्या.

१८ मार्च, मंगळवार

संध्याकाळी दुकानातून आलो तर आई सोफ्यावर, पाय लांब करून, शब्दकोडं सोडवत. मी आलो तरी उठल्या नाहीत! नुसतं म्हणाल्या, ‘तीन अक्षरी, पाण्याचा साठा. पहिलं अक्षर त.’

‘तलाव.’

‘ते मलाही येत होतं. तू आलास म्हणून विचारलं.’

मीही पाय पसरले. काही झालं नाही.

२० मार्च, गुरुवार

तपासणी झाली. जंतू गेले, रक्तदाब ठीक, गुडघाही छान वाकतोय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘आजी, आता धावा!’ आई म्हणाल्या, ‘कुठे धावायचं ते ठरवते.’ आम्ही सगळे हसलो.

२२ मार्च, शनिवार

बायको भलतीच खुशीत. आईच्या खोलीला रंग द्यायचा म्हणते. फिकट निळा की पिवळा, यावर जेवताना वाद. टिटवीचं म्हणणं, एक भिंत जगाच्या नकाशाची हवी, आजीला आवडेल. मी खोलीचं माप घेतलं. आईंचं तिकडच्या घरातलं शिसवी कपाट इथे खिडकीशेजारी बरोबर बसेल, बोटभर जागा उरते. बायको म्हणाली, मग घेऊनच येऊ या एकदाचं, त्या घरात धूळ खात कशाला ठेवायचं?

घरी जाण्याची गोष्ट आईंनी त्या दिवसानंतर काढली नाही. आम्हीही नाही. मिटलं असं धरून चाललोय.

आई दुपारभर बाहेर होत्या. बागेत गेले होते म्हणाल्या. एकट्या, काठी न घेता! येताना साडीच्या काठाला भिंतीचा चुना लागलेला होता. बागेत कसला आलाय चुना? असेल.

२३ मार्च, रविवार

सकाळच्या चहाला आईंनी सांगितलं. त्या पुढच्या रविवारी आपल्या घरी राहायला जातायत. एकट्या. काल तिथे जाऊन खिडक्या उघडून आल्या, झाडून घेतलं, गॅसवाल्याशी बोलून आल्या.

बायकोने कप खाली ठेवला.  मीच म्हणालो, ‘पण आता कशाला, आई? आता तर सगळं नीट झालंय!’

‘म्हणूनच,’ त्या म्हणाल्या. ‘तेव्हा गेले असते तर जड झालेल्या पाहुण्यासारखी गेले असते. तुम्हालाही लागलं असतं, मलाही. आता घरातलं माणूस म्हणून जाते. घरातलं माणूस कुठेही राहू शकतं, रे.’

यात चूक काय आहे ते दिवसभर शोधतोय. सापडत नाही.

दुपारी आईंचं सामान पोचवायला टेम्पोवाल्याला फोन केला. पुढचा रविवार मोकळा आहे म्हणाला. नसता तर बरं झालं असतं.